नमुना क्रमांक सात

मे महिन्यातली शाळा म्हणजे नुसता प्रतिध्वनी.
शिवडीची, महापालिकेची, दोन मजली,
गोदीकडे पाठ करून बसलेली.
पुढल्या गुरुवारी हातोडे पडणार,
म्हणून आज मला बोलावलेलं.

कंत्राटदार परमार जिन्यात उभा, घड्याळ बघत:
"मॅडम, पत्राच ना साधा, सिमेंटचा?
अर्ध्या मुंबईच्या डोक्यावर हाच आहे."
खरं आहे त्याचं.
मी मास्क चढवते. मास्कमधून वाद घालता येत नाही,
हा त्याचा दुसरा उपयोग.

आधी पाणी.
फवाऱ्याच्या बाटलीत दोन थेंब साबण,
ताटाभोवती चित्राहुती घालावी तसं
जागेभोवती शिंपडायचं, मुरू द्यायचं,
मग छिन्नी. हळू.
रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा पुरतो.
पिशवीत पिशवी, वर क्रमांक,
आणि मागे राहिलेल्या जखमेवर चिकटपट्टी.

छपराचा पत्रा झाला, पावसाळी पाइप झाला,
फरशी, फरशीखालचा काळा डिंक.
पाच नंबर हातातून पडला, पुन्हा घेतला.

सात बालवाडीत.
दोन वर्गांमधली राखाडी भिंत,
भिंत कसली, पत्र्याचाच पडदा,
आणि तिच्यावर माझ्या कमरेच्या उंचीला
टाचण्यांची भोकं.
चित्रं लावली, काढली, पुन्हा लावली:
मोर, मोटार, तीन केसांची आई.
एका कोपऱ्यात कागदाची चिंधी राहून गेलेली,
त्यावर नुसतं "इफ्फत", आणि अर्धा सूर्य.
प्रत्येक भोकाच्या ओठावर
पिठासारखी कणी.
मी मोजायला घेतली, एकशे चाळीसला थांबले.
अहवालात भोकांचा रकाना नाही.

दारात वायंगणकर मामा, शिपाई.
एकतीस वर्षं इथेच:
साडेसहाला कुलूप, मग झाडू, मग फळ्यावर सुविचार.
बाईंपेक्षा अक्षर चांगलं, म्हणून तेही काम त्यांच्याकडे आलेलं.
"या कडेला रोज पांढरं पडायचं," ते म्हणाले,
"मला वाटायचं खडू."
मी बाटली खाली ठेवली.
"मग मी काय झाडत होतो?"

मला याचं प्रशिक्षण आहे.
घाबरवू नये. खोटा धीर देऊ नये.
छातीच्या डॉक्टरांकडे जायला सांगावं.
तिन्ही केलं, त्याच क्रमानं,
वर एवढंच, की आता कोरडं झाडू नका मामा, आधी पाणी शिंपडा.
ते ऐकत होते, हातातला झाडू पाठीमागे धरून,
छडी लागलेला हात
पोरं लपवतात तसे.

बुधवारी निकाल.
फरशी: नाही. डिंक: नाही. छप्पर, पाइप: आहे.
सात: आहे.
सूक्ष्मदर्शकाखाली फार देखणं दिसतं ते,
कुरळं, रेशमी,
तान्ह्या बाळाच्या जावळासारखं.
जावळ हा शब्द अहवालात चालत नाही. खोडला.
लिहिलं: काम थांबवावे, खोली बंद करावी.
परमारनं फोनवर विचारलं, किती दिवस,
आणि मी सांगितलेला आकडा मोठ्यानं परत उच्चारला,
जवळ कुणी असावं, त्याला ऐकू जावा म्हणून.

सूचना चिकटवायला गेले
तर बालवाडीच्या दाराखालच्या फटीत
आधीच ओलं गोणपाट खुपसलेलं.
आणि व्हरांड्यातल्या फळ्यावर,
तारीख, वार, पट शून्य, हजर शून्य,
त्याखाली वळणदार अक्षरात,
प्रत्येक वेलांटी शेवटपर्यंत नेलेली:

सुविचार
कोरडे झाडू नये.
आधी पाणी शिंपडावे.

फळा पुसायचं फडकं
खिळ्याला टांगलेलं होतं,
अजून ठिबकत.